शाळेच्या छपराचे कर्ज कोणाच्या नावावर?

मागणी आधी सांगतो. वाद मागून घालू.

महाराष्ट्र शासनाने जिल्हा परिषदांच्या मोडकळीला आलेल्या शाळा दुरुस्त करण्यासाठी खास कर्जरोखे काढावेत. त्यातून उभा राहील तो पैसा फक्त वर्गखोल्या, छपरे, भिंती, मुलामुलींचे संडास आणि पिण्याचे पाणी यांवर खर्च व्हावा. कर्ज वीस वर्षांत फेडावे, आणि ज्यांच्याजवळ आहे त्यांच्याकडून कर घेऊन फेडावे. आंबेडकरी कार्यकर्त्यांनी ही मागणी आपली म्हणून उचलावी.

हे मी उमापूरच्या बैठकीत मांडले तेव्हा आमच्यातल्याच एका पोराने तोंडावर सांगितले, "दादा, कर्जाचं नाव काढू नका. आमचा बाप कर्जातच गेला. आता पोरांच्या शाळंला बी कर्ज काढायचं व्हय?"

त्याचा राग खोटा नाही. त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे म्हणजे पुढारीपणा करणे. म्हणून हा लेख.

१

आमच्या बीड जिल्ह्यात कर्जाचे दुसरे नाव उचल. दसऱ्याच्या आगेमागे मुकादम येतो, उचल देतो. नवराबायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर पैसे चढतात आणि माणसे ट्रकात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात साखर कारखान्यांच्या फडावर जातात. पोरे कुणाच्या भरवशावर ठेवायची? तीही जातात. पाचसहा महिन्यांनी हिशेब होतो. उचल फिटली तर नशीब. बाकी निघाली तर पुढल्या साली पुन्हा त्याच मुकादमाच्या दारात. कोऱ्या कागदावरचा अंगठा, वहीत एकट्या मुकादमालाच वाचता येणारा आकडा, आणि वर त्याचीच बोली. हे कर्ज आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. त्याआधीचे सावकाराचे खत आजोबांनी पाहिले. त्याआधी वतनाच्या नावाखाली राबवून घेतले ते पणजोबांनी.

धर्मशास्त्रानेही ऋणाची भाषा केली. माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो म्हणे. देवांचे, ऋषींचे, पितरांचे. ऋषींचे ऋण वेद शिकून फेडायचे. म्हणजे ज्याला शिकायचा अधिकार, त्यालाच ज्ञानाचे देणेकरी होण्याचा मान. आम्हाला शिकायलाच बंदी, म्हणून त्या खात्यात आमचे नावच नाही. आमच्या नावावर फक्त कष्टाचे देणे लिहिले. ज्ञानाच्या ऋणातून आम्हाला मोकळे ठेवले, आणि त्याला धर्म म्हटले.

बुद्धाने वेगळे सांगितले. अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगताना त्यात ऋणमुक्तीचे सुख मोजले. कुणाचे देणे नाही हे सुख आहे, असे म्हणणारा धम्म आमचा आहे. मग बौद्ध म्हणवणाऱ्याने कर्जाची मागणी कशी करायची?

इथे थांबून विचार केला पाहिजे. सगळी कर्जे एका माळेतली नसतात.

२

बाबासाहेबांनी कर्ज घेतले. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला. अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती, आणि शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. हा रोखाच होता. पैशाऐवजी आयुष्याची वर्षे तारण. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर गेले, तर राहायला घर मिळेना. पारशाच्या धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन हुसकावले. करार कागदावर होता, जात रस्त्यावर उभी होती. पुढे १९२० मध्ये अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला लंडनला निघाले तेव्हा नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले.

त्या कर्जातून काय निघाले? 'रुपयाचा प्रश्न' हा १९२३ चा ग्रंथ निघाला. बॅरिस्टर निघाला. महाड निघाले. संविधान निघाले.

मुकादमाची उचल आणि भथेनांचे पाच हजार, दोन्ही कर्जच. फरक कशात? मी तीन प्रश्न विचारतो. सही कुणी केली? फायदा कुणाला झाला? फेड कुणी केली? उचलीत अंगठा बापाचा, फायदा कारखान्याचा, आणि फेड बाईची आणि पोरांचीसुद्धा. बाबासाहेबांच्या कर्जात सही त्यांची, कष्ट त्यांचे, आणि फायदा आपल्या सगळ्यांचा. एक कर्ज माणसाला जागेवर बांधून ठेवते, दुसरे त्याला जागेवरून उठवते.

शाळेच्या कर्जरोख्याला हेच तीन प्रश्न विचारायचे. पण त्याआधी, आज कर्ज नाही असे आपण जे समजतो ते तरी खरे आहे का ते बघू.

३

पावसाळ्यात शाळेचा स्लॅब गळतो. पाणी आतल्या लोखंडी सळईपर्यंत पोचते. सळई गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की खालचे सिमेंट ढकलून देते. आधी गिलाव्याचे पोपडे पडतात. मग हाताएवढा तुकडा पडतो. मग सळया उघड्या दिसतात. पहिल्या गळतीला वर डांबराचा किंवा सिमेंटचा थर दिला असता तर थोडक्यात भागले असते. दहा वर्षांनी ती खोली दुरुस्तीच्या पलीकडे जाते, आणि मग फायलीवर एक शब्द येतो: निर्लेखन. म्हणजे खोली पाडा. पाडल्यावर नवी येईपर्यंत दोन वर्ग एका खोलीत, नाहीतर मारुतीच्या देवळात, नाहीतर समाजमंदिरात. आता देवळात शाळा भरली म्हणजे आमच्या पोराने कुठे बसायचे, हा प्रश्न गावोगावच्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

जो खर्च आज केला नाही तो उद्या वाढून येतो. याला व्याज म्हणतात. सरकारी वहीत ते लिहिलेले नसते एवढेच. छपराची गळती हे कर्ज आहे. ते सरकारने काढले आहे, आणि पहिलीत बसलेल्या पोराच्या नावावर टाकले आहे. त्या पोराला कुणी विचारले नाही. त्याचा अंगठासुद्धा घेतला नाही.

आणि ही फेड कधी कधी जिवाने होते. २८ ऑगस्ट २०१७ रोजी आमच्या शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचे छप्पर पावसात कोसळले. तीन मुले मेली. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यात पिपलोदीच्या सरकारी शाळेचे छप्पर पडले. सात मुले मेली. अशा वेळी मंत्री येतात, मदत जाहीर होते, कुणीतरी निलंबित होते, सर्व शाळांच्या तपासणीचे आदेश सुटतात. तपासणी झाली तरी पुढचा प्रश्न उभाच राहतो. पैसा कुठून आणायचा?

पैसा दरवर्षी येतो, नाही असे नाही. जिल्हा नियोजन समितीतून येतो, समग्र शिक्षा अभियानातून येतो. पण तो घोटाघोटाने येतो. समजा एका तालुक्यात शंभर खोल्या धोक्याच्या आहेत आणि वर्षाच्या निधीत पाच होतात. शेवटच्या खोलीची पाळी विसाव्या वर्षी. तोवर पहिली पुन्हा गळायला लागलेली असते, आणि मधल्या काळात चांगल्या होत्या त्या धोक्याच्या झालेल्या असतात. ही शर्यत संपतच नाही. त्यात तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, आणि मार्चअखेर. मार्चअखेरीला पैसा परत जाऊ नये म्हणून बिल निघते आणि काम जूनच्या पहिल्या पावसात उघडे पडते.

पोराचे घड्याळ या घड्याळाबरोबर चालत नाही. पहिलीतले पोर सात वर्षांनी सातवी होऊन बाहेर पडते. विसाव्या वर्षी दुरुस्त होणारी खोली त्याच्या काय कामाची? तेव्हा त्याचे पोर त्या खोलीत बसेल. कर्जरोख्याचा सगळा अर्थ एवढाच आहे. शंभर खोल्यांचा पैसा आज उभा करायचा, खोल्या दोनतीन वर्षांत नीट करायच्या, आणि फेड वीस वर्षे करायची.

४

आता नीतीचा अवघड प्रश्न. आजच्या पिढीने कर्ज काढावे आणि उद्याच्या पिढीने फेडावे, हा अन्याय नाही का?

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेचा थॉमस जेफरसन म्हणे की पृथ्वी जिवंतांची आहे, मेलेल्यांनी जिवंतांना बांधून ठेवू नये. कर्जाच्या बाबतीतही त्याचे हेच मत होते. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात याच जेफरसनचा आधार घेतला, आणि येणाऱ्या पिढ्यांना घटना बदलण्याचा मार्ग का मोकळा ठेवला ते सांगितले. म्हणजे पुढच्या पिढीचे हात बांधू नयेत हे तत्त्व आपल्या घरातले आहे.

पण हे तत्त्व नीट लावून बघा. दुरुस्त झालेली खोली वीसपंचवीस वर्षे टिकते. जो जो तिच्यात शिकेल तो मोठा होऊन कर भरील, आणि त्यातला थोडा भाग त्या खोलीच्या फेडीत जाईल. वापर वीस वर्षे, फेड वीस वर्षे. यात मेलेल्याने जिवंताला बांधले कुठे? उलट कर्ज काढून आज मोर्च्याला, मेळाव्याला, जाहिरातीला पैसा उडवला आणि फेड पुढच्यांवर टाकली, तर तो अन्याय. आणि काहीच केले नाही, छप्पर तसेच गळू दिले, तर तो त्याहून मोठा अन्याय. कारण मग पुढच्या पिढीला देणे मिळते आणि वस्तू मिळत नाही. पडकी खोली मिळते, ती पाडून नवी बांधायचा दुप्पट खर्च मिळतो, आणि अर्धवट शिकलेला बाप मिळतो.

व्याजाची गोष्ट लपवायची नाही. आपली माणसे आपल्याला हिशेब विचारतील. समजा सरकारने शंभर कोटी सात टक्क्यांनी घेतले आणि वीस वर्षे सारखे हप्ते भरले, तर वर्षाला साधारण साडेनऊ कोटी, आणि एकूण जवळपास एकशे नव्वद कोटी द्यावे लागतात. हे नव्वद कोटी थोडे नाहीत. पण वीस वर्षे न थांबण्याची ती किंमत आहे. थांबण्याची किंमत कुणी मांडतच नाही, म्हणून ती फुकट वाटते.

५

"मग कर्ज कशाला? गावात वर्गणी काढू. कंपन्यांकडून देणगी घेऊ." बैठकीत हेही निघाले. आपल्यातल्या नोकरदार मंडळींना हा मार्ग फार आवडतो, कारण त्यात भांडण नाही.

याला माझा विरोध आहे, आणि तो आपल्या इतिहासातून आलेला आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडून मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, आणि तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने येथे अस्पृश्यांना मुभा असावी, असा तो ठराव. नीट ऐका: सार्वजनिक पैशाने. देवाचे नाव नाही, दयेचे नाव नाही. पैसा सर्वांचा म्हणून जागा सर्वांची, हे त्याचे तर्कशास्त्र. त्याच ठरावाच्या आधारावर महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि १९२७ साली बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी पिऊन दाखवले. मग सनातन्यांनी कोर्टात काय म्हटले? हे तळे सार्वजनिक नाही, खाजगी आहे. दहा वर्षे दावा चालला. १९३७ साली मुंबई हायकोर्टात आपली बाजू टिकली. पाण्याचा सगळा लढा शेवटी एका प्रश्नावर येऊन ठेपला होता: मालकी कुणाची?

हा ठराव मुंबई इलाख्याचा. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात, आम्हाला तो लागू नव्हता. पण तर्कशास्त्राला इलाख्याची हद्द नसते. शाळा कुणाच्या पैशाने उभी राहते यावर तिथे कोण ताठ मानेने बसणार हे ठरते. कुण्या बागायतदाराने छप्पर घालून दिले की दारावर त्याच्या बापाचे नाव येते. झेंडावंदनाला खुर्ची त्याची. शिक्षकाची बदली त्याच्या शब्दावर. आणि त्याच शाळेत आमच्या पोराला वेगळे बसवले, पोषण आहाराच्या पंगतीत आमच्या बाईच्या हातचे खायला नकार दिला, तर तक्रार कुणाकडे करायची? ज्याने छप्पर दिले त्याच्याकडे?

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळा दत्तक देण्याची योजना काढली. देणगीदार आणि कंपन्यांनी सरकारी शाळा ठरावीक वर्षांसाठी दत्तक घ्याव्यात, आणि त्यांचे नाव शाळेला जोडता यावे. दत्तक हा शब्दच पहा. दत्तक अनाथाला घेतात. आमची शाळा अनाथ झाली कधी? तिचे आईबाप हे राज्य आहे. आईबाप जिवंत असताना पोर दत्तक देत असतील तर त्यांना जाब विचारायचा, की नव्या बापाला हार घालायचा?

दुसऱ्या देशातल्या आपल्यासारख्यांचेही ऐका. अमेरिकेच्या दक्षिणेत १९१२ ते १९३२ या काळात ज्युलियस रोझेनवाल्ड या व्यापाऱ्याच्या निधीतून काळ्या मुलांसाठी पाच हजारांच्या आसपास शाळा झाल्या. पण निधी सगळा पैसा देत नसे. काळ्या शेतमजुरांनी रोख वर्गणी काढली, जमिनी दिल्या, लाकूड तोडले, अंगमेहनत केली. ही तीच माणसे होती जी सरकारला कर भरतच होती, आणि तो कर गोऱ्यांच्या शाळांवर जात होता. एकाच शाळेसाठी दोनदा कर. त्यांच्या जिद्दीला सलाम. पण त्यातून धडा असा घ्यायचा की ज्याने एकदा कर भरला त्याच्याकडून लोकसहभागाच्या गोड नावाने दुसऱ्यांदा वसुली करू नये. काडेपेटीवरही आम्ही कर भरतो. आमचा सहभाग केव्हाच झालेला आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बारमाही टिकणारी इमारत, शिक्षकागणिक एक खोली, मुलामुलींना वेगळे संडास, पिण्याचे पाणी, कुंपण हे सगळे कायद्याच्या परिशिष्टात लिहिले. कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि या सोयींसाठी तीन वर्षांची मुदत होती. मुदत २०१३ च्या मार्चअखेर संपली. ज्याची मुदत संपली त्याला देणे म्हणतात. देणेकऱ्याने दान देऊन सुटका करून घ्यायची नसते.

६

"राज्य आधीच कर्जात बुडालंय." हा आक्षेप वर्तमानपत्रवाल्यांचा, पण आपली माणसेही तो उचलतात. बरोबर आहे, महाराष्ट्रावरचे कर्ज २०२५-२६ च्या अर्थसंकल्पी अंदाजात नऊ लाख कोटींच्या वर गेले. मग विचारू, ते कशासाठी काढले?

कृष्णा खोऱ्याच्या पाण्यासाठी १९९६ साली महामंडळ झाले आणि त्याने सरकारी हमीवर रोखे विकून हजारो कोटी उभे केले. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, पंचावन्न हजार कोटींच्या वर खर्च, त्यात बँकांचे मोठे कर्ज. तो जून २०२५ मध्ये पुरा खुला झाला. पुणे महापालिकेने २०१७ साली पाणीपुरवठ्यासाठी दोनशे कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी विकले, तेव्हा मुंबईच्या शेअर बाजारात घंटा वाजवली. रस्त्याच्या कर्जाला विकास म्हणतात. शहराच्या पाण्याच्या कर्जाला पत म्हणतात. शाळेच्या छपराचे नाव काढले की ते ओझे होते.

ही जुनी खोड आहे. इंग्रज सरकार रेल्वेसाठी, कालव्यांसाठी कर्ज काढी, कारण त्यातून वसूल येई. शाळेतून वसूल येत नाही म्हणून तिला उरलासुरला पैसा. जोतिबांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले होते की तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामाने आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गावर. बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात सरकारला आबकारीचा हिशेब दाखवला. दारूवर लोकांकडून जितके घेता तितके तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. शंभर वर्षे होत आली. वही तीच आहे.

शाळांसाठी कर्ज काढलेच नाही असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला आणि पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचे कर्ज आले. नव्वदीच्याच दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला, तोही जागतिक बँकेच्या कर्जावर, आणि मराठवाड्यात त्यातून वर्गखोल्या बांधल्या गेल्या. म्हणजे भिंती एका रात्रीत पडल्या की कर्ज निघते. त्याच भिंती वीस वर्षे रोज थोड्या थोड्या पडल्या की निघत नाही. नव्या खोलीला कोनशिला बसवता येते, फीत कापता येते. दुरुस्तीला कोनशिला नसते. गळती थांबली, हे काय कुणी दगडावर कोरतो?

राज्याने किती कर्ज काढायचे याला मर्यादा आहे. म्हणूनच कर्ज हवे की नको हा प्रश्न फसवा आहे. कर्ज निघणारच आहे. त्या मर्यादेत पहिला नंबर कुणाचा, हा खरा प्रश्न. तो राजकारणाचा आहे, आणि आपण त्यात गप्प आहोत.

७

आता आपल्याच मागणीची झाडाझडती.

एक, रोखे कोण घेणार? बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी, पैसेवाले. व्याज त्यांना जाणार. ते व्याज गरिबाच्या मीठमिरचीवरच्या करातून गेले तर आपण शाळेच्या नावाने वरच्यांची भरती केली असे होईल. म्हणून फेड कशातून, हे रोख्याच्या कायद्यातच लिहून घ्यायचे. जमीनजुमल्याच्या मोठ्या खरेदीविक्रीवरच्या मुद्रांक शुल्काचा ठरावीक हिस्सा, दारूच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा. बाबासाहेबांचा १९२७ चा हिशेब अजून वापरता येतो.

दोन, रोखे काढणार कोण? उमापूरची ग्रामपंचायत पुण्यासारखी बाजारात उभी राहू शकत नाही. तिच्याकडे ना घरपट्टी तेवढी, ना पाणीपट्टी. बीड जिल्हा परिषदेचाही बहुतेक पैसा वरूनच येतो. अमेरिकेत शाळेचे रोखे मतदानाला टाकतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी शाळांच्या बांधकाम-दुरुस्तीसाठी दहा अब्ज डॉलरचे रोखे मंजूर केले. पण तिथेही गावागावावर सोडले की महागड्या घरांच्या वस्तीत पैसा उदंड आणि गरिबांच्या वस्तीत कमी. म्हणून सही राज्याची पाहिजे आणि वाटप गरजेप्रमाणे. ज्या शाळेची भिंत जास्त धोक्याची तिचा नंबर आधी, मग ती कुण्याही आमदाराच्या मतदारसंघात असो. आणि वस्तीशाळा, तांड्यावरची शाळा, ऊसतोड कामगारांच्या गावची शाळा यादीच्या तळाला ढकलता कामा नये.

तीन, टक्केवारी. आज वर्षाला पाच खोल्या होतात तेव्हा गुत्तेदार पाच खोल्यांचे खातो. शंभरांचा पैसा एकदम आला तर शंभरांचे खाईल. ही भीती खरी आहे. कृष्णा खोऱ्यात पैसा गेला आणि कित्येक कामे अर्धवट राहिली, हे विसरायचे नाही. याला औषध एकच, उघडेपणा. शाळेच्या फळ्यावर लिहा: किती मंजूर, कोणते काम, किती पोती सिमेंट, किती बिल निघाले. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण भाग पालक आहेत आणि निम्म्या बाया. त्यांच्या सहीशिवाय शेवटचे बिल निघू नये. आमच्या आयाबाया धाब्याच्या घरात राहिल्यात. गळती थांबली की नाही हे त्यांना इंजिनिअरपेक्षा आधी कळते.

चार, "पटच नाही, दुरुस्ती कुणासाठी?" २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची भाषा सरकारने केली. आधी छप्पर गळू द्यायचे. मग ज्याला झेपते तो पोराला गाडीने इंग्रजी शाळेत घालतो. मग पट घसरला म्हणायचे, आणि मग शाळा बंद. मागे कोण उरते? ज्याला गाडीचे भाडे परवडत नाही तो. दिवाळीनंतर आईबाप फडावर गेले की आजीजवळ राहिलेले पोर. त्याच्यासाठी तीनचार किलोमीटरवरची चांगली शाळा म्हणजे शाळा नाहीच. त्याला गावात सुक्या खोलीची शाळा मिळाली, रात्री राहायला हंगामी वसतिगृह मिळाले, तर ते फडावर जायचे वाचेल. ते वाचले तर पुढल्या पिढीत एक कोयता कमी होईल.

म्हणून मी म्हणतो, उचलीला उत्तर हेच कर्ज आहे. ज्या घरात शिकलेले माणूस नाही त्या घरावर मुकादमाची वही चालते. ती वही बंद करायची तर गावची शाळा उभी राहिली पाहिजे. राज्याने सर्वांच्या वतीने, सर्वांसमोर, मोजून सही केलेले कर्ज काढले, तर घराघरातल्या अंगठ्याचे कर्ज कमी होईल. बुद्धाने सांगितलेल्या ऋणमुक्तीच्या सुखाकडे जाणारी वाट याच शाळेतून जाते असे मला वाटते.

८

कामाचे बोलू.

या उन्हाळ्यात आपापल्या भागातल्या शाळा बघून या. खोली मोजा. सळई कुठे उघडी पडली, पाणी कुठून येते, संडासाला दार आहे का, वहीत लिहा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: शेवटची तपासणी कधी झाली, किती खोल्या धोकादायक ठरल्या, किती निर्लेखनाला गेल्या, किती पैसा आला आणि किती परत गेला. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत ठराव मांडा की दुरुस्तीची जबाबदारी राज्याची आहे, देणगीदाराची नाही, आणि त्यासाठी राज्याने रोखे काढावेत. ठराव हाणून पाडतील. पाडू द्या. कुणी पाडला ते इतिवृत्तात येऊ द्या. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत पुन्हा मांडा.

एका गावचा ठराव रद्दीत जातो. एका तालुक्यातले पन्नास ठराव कलेक्टरच्या टेबलावर पडले की फाईल होते. पुतळ्यासाठी, कमानीसाठी आपण वर्गणी काढतो, रस्त्यावर उतरतो. उतरलेच पाहिजे. पण ज्या खोलीत बाराखडी गिरवली जाते तिच्या छपरासाठी आपला एकही मोर्चा निघाला नाही, तर 'शिका' हा शब्द आपण नुसता घोषणेतच ठेवला असे होईल.

पावसाळा सात जूनला येतो. शाळा त्याच सुमारास उघडते.

जय भीम.